राहिल्याबद्दल हार्दिक अभिनंदन

...आणि तेवढ्यात बडनेऱ्याच्या अलीकडे पुण्याची बस सापडली. काल गोष्ट इथंच तर थांबली होती! अमरावतीचे आर्किटेक्ट हरिहरराव पिंजरकर, डोक्यावरचे केस वाऱ्यावर, एका हातात स्कूटरची मूठ, दुसऱ्या हातात झेंडूचा हार. मागच्या सीटवर त्यांच्या ऑफिसचे जुने सुपरवायझर देवराव, मांडीवर पेढ्यांचा डबा. थांब्यावर पोचले तेव्हा बस निघून गेलेली. दुसरा कोणी असता तर हार मारुतीला वाहून घरी जेवायला गेला असता. हरिहररावांनी बस गाठली, पुढे जाऊन स्कूटर आडवी लावली आणि हात वर केला. ड्रायव्हरला वाटलं, आरटीओचा माणूस. तो बिचारा कागद घेऊन खाली उतरला. हरिहररावांनी त्याच्या हातात पेढा ठेवला आणि बसमध्ये चढले.

खिडकीशी जुईली बसली होती. त्यांच्याच ऑफिसातली पोरगी, पुण्याला नोकरी लागली म्हणून निघालेली. कानात गाणी, डोळे मिटलेले. गळ्यात एकदम ओला हार पडला तशी किंचाळली. हरिहररावांनी मोकळ्या जागेत उभं राहून दोन शब्द बोलायला सुरुवात केली. जुईलीने काढलेला पहिला नकाशा, त्यात विसरलेलं स्वयंपाकघर, मग तिची झालेली प्रगती, सगळं आलं. मागच्या सीटवरच्या एका म्हाताऱ्याला गहिवरून आलं. त्याने विचारलं,

"पोरगी सासरी चालली का हो?"

"नाही, नोकरीले चालली. आमच्याकडची सोडून."

"सोडून चालली, अन् तुमी हार घालून राहिले?"

"मंग काय दगड मारू?" हरिहरराव म्हणाले. अख्ख्या बसने टाळ्या वाजवल्या.

तर असा हा माणूस.

याचं मूळ त्यांच्या घरात होतं. वडील मूर्तिजापूरला भिक्षुकी करत. पाहुणा निघाला की त्याला पोचवायला जायचं, ही घरची रीत. आता शकुंतला ही छोट्या रुळांवरची आगगाडी तेव्हा किती हळू चालायची, हे तिकडच्या माणसाला सांगायला नको. पाहुणा डब्यात बसला, गाडी हलली, तरी वडील बाजूने चालत चालत गप्पा मारायचे. पाहुण्याच्या मुलीचं लग्न, गुडघेदुखी, कोर्टातला वाटा, सगळे विषय होऊन जायचे. कधी गप्पा संपायच्या आणि गाडी मागे राहायची. पोर हरिहर वडिलांचं बोट धरून हे सारं बघायचा. त्याच्या डोक्यात एवढंच पक्कं बसलं की माणूस येतो कसा, याला फारसं महत्त्व नाही. त्याला सोडायला आपण कसे गेलो, यावर घराण्याची किंमत ठरते.

पुढे हरिहर नागपूरला शिकला, आर्किटेक्ट झाला, आणि राजापेठेत "पिंजरकर अँड असोसिएट्स" अशी पाटी लागली. पिंजरकर कायम होते. असोसिएट्स बदलत राहिले. कॉलेजातून पोरं यायची, हरिहरराव त्यांना शिकवायचे. पश्चिमेची भिंत तापते ती कशी वाचवायची, छज्जा किती बाहेर काढायचा, घरमालकिणीला आधी बोलू का द्यायचं. पोरं तयार झाली की पुण्याहून फोन यायचा आणि पोरं जायची.

प्रत्येकाला निरोप मात्र असा मिळायचा की ज्याचं नाव ते. शेतात गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी, वरण. शाल, नारळ. देवरावांचं भाषण, ज्यात ते हमखास रडत. आणि राजकमल चौकात मोठ्ठा फ्लेक्स: "आमचे सहकारी यशोधन यांची पुणे येथे निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक, पिंजरकर अँड असोसिएट्स." फोटोत पोरगा गॉगल लावून, खाली हरिहरराव हात जोडून.

वर्षानुवर्षं चौकात असे फ्लेक्स लागले. त्याचा परिणाम काय व्हायचा तोच झाला. एक दिवस अकोटहून एक गृहस्थ मुलाला घेऊन ऑफिसात आले आणि देवरावांसमोर बसले.

"पुण्याची नवी बॅच कवा सुरू होते?"

"कायची बॅच?"

"तुमची. पुण्याले पाठवाची."

"अहो काका, हे क्लास नाही. हे आर्किटेक्टचं ऑफिस आहे."

"ते समजलं हो. पण निकाल चांगला आहे तुमचा. आमच्या गल्लीत सगळे म्हणतात, पिंजरकराकडं टाकलं का पोरगं पुण्याले लागते. फी सांगा."

देवरावांनी समजावलं की इथं फी घेत नाहीत, उलट पगार देतात. गृहस्थांचा चेहरा पडला. "पगार देता?" ते म्हणाले. "मंग काही खरं नाही." आणि मुलाला घेऊन निघून गेले. हरिहररावांनी त्यांनाही फाटकापर्यंत सोडलं.

नोकरीला येणारी पोरंसुद्धा तसलीच. मुलाखतीत हरिहरराव म्हणत, "तुले काही विचाराचं आहे का?" पोरगं अंग चोरून म्हणे, "सर, निरोप समारंभ साधारण कितव्या महिन्यात असतो? आईला पाहुणे बोलवायचे आहेत."

अशा दिवसांत नगमा आली. बाळापूरची. वडील तनवीर शेख यांचं बाजारात अडतीचं दुकान. पोरगी बोलायला कमी. पण तिने कागदावर रेघ ओढली की हरिहरराव चष्मा काढून पुसत. त्याच सुमारास अकोल्यातल्या एका संस्थेचं मुलींचं वसतिगृह बांधायचं काम निघालं. हरिहररावांनी आयुष्यभर बंगले केले, मंगल कार्यालयं केली, एक पेट्रोल पंप केला. इतकं मोठं काम पहिल्यांदाच दारात आलं होतं. नगमाने वसतिगृहाच्या मधोमध रुंद, सावलीतला जिना काढला. मुलींनी पायऱ्यांवर बसावं, केस वाळवावेत, भांडावं, अभ्यास करावा, असा. संस्थेच्या बाईंनी तो बघितला आणि म्हणाल्या, "काम तुमचं. पण हा जिना जिनं काढला, ती शेवटपर्यंत पायजे. ती नाही तं आमी दुसरीकडं जातो."

हरिहरराव आनंदाने घरी गेले. आणि त्याच आठवड्यात नगमाला पुण्याहून बोलावणं आलं.

ती सकाळी येऊन टेबलापाशी उभी राहिली. "सर, पुण्याहून कॉल आलाय. सोमवारपर्यंत कळवायचंय."

आता हाताला लागलेली सवय कशी असते बघा. हरिहररावांच्या तोंडून "अरे वा!" निघालं, एक हात फोनकडे गेला, आणि भानावर येईपर्यंत त्यांनी फुलवाल्याला हाराची ऑर्डर देऊन टाकली. देवराव धावत आले.

"भाऊ! काय करून राहिले तुमी? ही गेली तं वसतिगृह गेलं! हार परत करा!"

"सांगून झालं ना आता."

"मंग देवाले घाला. पोरीले नका घालू."

नगमा दोघांकडे पाहत होती. हरिहररावांनी घसा साफ केला. "तुले इथं काही त्रास आहे का, बेटा?"

"नाही सर. काम मला इथलंच आवडतं." ती थांबली. "पण सर, मी राहिले तर लोक म्हणतील, हिला कोणी घेतलं नाही."

हरिहररावांनी जुईलीला फोन लावला. जुईली आता पुण्याच्या एका भल्या मोठ्या आर्किटेक्ट ऑफिसात होती आणि तिचं कामच मुळी हे होतं: चांगली माणसं ऑफिसकडे यावीत, आलेली टिकावीत.

"सर, याला एम्प्लॉयर ब्रँड म्हणतात," जुईली म्हणाली. "म्हणजे तुमच्याकडे नोकरी करावी असं माणसाला का वाटावं, याचं उत्तर."

"वाटते ना. लोकं अकोटहून येऊन राहिले."

"सर, ते जायला येतात. तुमचं नाव झालंय ते निघून जाण्यासाठी. जे राहतात त्यांचं कौतुक कुठे दिसतं? ते दिसू द्या ना."

"दिसू द्याचं म्हंजे चौकात."

"सर, चौकात नाही! म्हणजे वेबसाइटवर, कॉलेजमध्ये, हळूहळू..."

पण हरिहररावांनी फोन ठेवला होता. देवराव फ्लेक्सवाल्याकडे निघालेसुद्धा होते.

दुसऱ्या दिवशी राजकमल चौकात फ्लेक्स झळकला. नगमाचा परीक्षेच्या फॉर्मवरचा फोटो, आजूबाजूला फुलं, वरच्या कोपऱ्यात उडणारी कबुतरं, आणि अक्षरं: "आमच्या सहकारी नगमा शेख यांचे पुण्याला न जाता अमरावतीतच राहिल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!" पोरीने अजून काही ठरवलेलं नव्हतं, ही गोष्ट उत्साहाच्या भरात दोघांच्याही लक्षात राहिली नाही. वरून हरिहररावांना वाटलं, गावाकडेही कौतुक व्हायला हवं. म्हणून तस्साच एक फ्लेक्स बाळापूरला, थेट तनवीरभाईंच्या दुकानासमोर.

बाळापुरात दुपारपर्यंत बातमी पसरली. लोक दुकानात येऊ लागले. आवाज खाली करून बोलू लागले.

"कसं झालं हो, तनवीरभाई?"

"काय कसं झालं?"

"पोरीचं. आमी तं चौकात वाचलं. इतकी हुशार पोरगी."

एकाने खांद्यावर हात ठेवला. "माझा साळा पुण्यात आहे. बोलून पाहू का? अजून वेळ गेली नाही." दुसरा म्हणाला, "अन् त्या मालकाले काही लाज? दुखावरून बोर्ड लावते का कोणी?" कापसाच्या एका व्यापाऱ्याने तर तनवीरभाईंशी दरावरून सुरू असलेलं भांडण मिटवून टाकलं. म्हणाला, "अशा वक्ताले आता काय भांडाचं." संध्याकाळी शेजारणीने घरी डबा पाठवला. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून.

डबा नगमाच्या आजीने घेतला. कुलसुमबी. वय झालेलं, पण आवाज असा की बाजारात हाक मारली तर मन नदीच्या पल्याडचा माणूस वळून पाही. कुलसुमबींनी आधी डबा उघडून जेवून घेतलं, वांगं चांगलं झालं होतं. मग विचारलं, "हे कायचं आलं?" कारण कळलं तशी त्यांनी रात्र कशीबशी काढली, पहाटे बुरखा घातला, मुलाला उठवलं आणि पहिल्या एसटीने अमरावती गाठली.

ऑफिसात शिरल्याबरोबर त्यांनी रिकामा डबा हरिहररावांच्या टेबलावर ठेवला.

"पिंजरकर कोण?"

"मी, अम्मा. बसा. पाणी..."

"पाणी मंग. माह्या नातीच्या जित्तेपणी लोकं माह्या घरी बसाले येऊन राहिले! डबे येऊन राहिले! काय केलं तिनं? चोरी केली?"

"अम्मा, आमी तं कौतुक केलं तिचं."

"याले कौतुक म्हनते?" कुलसुमबींनी मुलाकडे पाहिलं. तनवीरभाईंनी खिडकीकडे पाहिलं. "जे पोरं पुण्याले गेले, त्याइले तुमी काय दिलं?"

देवराव हळूच म्हणाले, "शाल, नारळ. रोडगे."

"भाषन?"

"भाषनबी."

"पोचवाले कोण गेलं?"

"सगळेच गेलो."

"अन् माह्या पोरीले नुसता बोर्ड!" कुलसुमबींनी टेबलावर हात आपटला. डबा उडाला. "जानाऱ्याची इज्जत अन् रायनाऱ्याले बोर्ड! पोरगी ठेवाची असंल तं तिचीबी बिदाई करा. तशीच. एक चीज कमी पडली तं मी तिले आजच पुण्याच्या गाडीत बसवतो."

"दादी, मी ठरवते ना," नगमा कोपऱ्यातून म्हणाली.

"तू चूप. तू ठरव, पन मंग ठरव. आधी इज्जत होऊ दे."

हरिहररावांचे डोळे चमकले. आयुष्यात पहिल्यांदा कोणी त्यांच्याकडे त्यांना येत असलेली गोष्ट मागितली होती. कामाला लागले. रविवारी बडनेरा रोडवरच्या शेतात गोवऱ्या पेटल्या, रोडगे भाजले गेले, वांग्याच्या भाजीत कुलसुमबींनी स्वतः तिखट वाढवलं. पुण्यातली सगळी जुनी पोरं फोनच्या पडद्यावर एका रांगेत बसली. शाल दिली, नारळ दिला. देवराव भाषणाला उभे राहिले आणि पहिल्याच वाक्याला रडले. "नगमा आता आपल्याले..." म्हणाले आणि अडकले. ती कुठेच जात नव्हती. तरी हुंदका थांबेना. त्यांनी तसंच रेटून दिलं: "...आपल्याले उद्या सकाळी दहा वाजता भेटंल." लोक रडले.

मग पोचवायचं होतं. एक चीज कमी पडायला नको होती ना! नगमाच्या गळ्यात हार, तिची बॅग तनवीरभाईंच्या डोक्यावर, पुढे ताशेवाला, आणि सगळी वरात पुण्याच्या बसथांब्यावर. तिथं क्लीनरने सवयीने बॅग घेतली आणि डिकीत टाकली.

"अरे काढ ते!" देवराव ओरडले. "ती जात नाही!"

"मंग आणलं कशाले?"

"पोचवाले!"

क्लीनरने ड्रायव्हरकडे पाहिलं. ड्रायव्हर जुना होता. हरिहररावांना ओळखून होता. म्हणाला, "दे रे बाबू बॅग. याइचं असंच असते." हरिहररावांनी त्याला पेढा दिला.

बस सुटली. सगळ्यांनी रिकाम्या खिडकीकडे पाहून हात हलवले, पद्धतच तशी. मग वरात उलटी फिरली आणि उन्हातान्हात ताशा वाजवत राजापेठेत ऑफिसच्या दाराशी आली. दुकानांतले लोक बाहेर येऊन पाहू लागले. "काय झालं?" "पोरगी परत आली." "गेली होती कुठं?" "कुठंच नाही." "मंग बरं झालं."

आता नगमाने आत पाऊल टाकायचं, एवढंच उरलं होतं. सोमवार उद्यावर. तिने अजूनही हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही. अकोल्याच्या बाईंचा फोन सकाळपासून दोनदा येऊन गेला होता आणि हरिहररावांनी तो उचलला नव्हता. नगमा हार सावरत पायरीपाशी उभी राहिली. तिच्या आणि दाराच्या मधे मात्र कुलसुमबी उभ्या राहिल्या.

"एक सवाल आहे."

ताशा थांबला.

"सगळं झालं. इज्जत झाली. रोडगे बेस झाले," कुलसुमबी म्हणाल्या. "पन पोरगी रात्री मले म्हने, दादी, मी रायली तं लोकं म्हनतीन हिले कोनी घेतलं नाही. त्याचं मी तिले काय सांगू? तुमी इतके पोरं पुण्याले पाठवले. सगळ्याइले हार घातला. मंग तुमी सोता काहून नाही गेले? खरं सांगा. खोटं बोलाल तं मले समजते."

हरिहररावांच्या तोंडाशी तयार उत्तर होतं. आजवर कित्येकांना दिलेलं. आपली माती, आपलं ऊन, या भागाला आपली गरज. जुईलीने शिकवलेला एक शब्दही जिभेवर येऊन बसला. देवराव मानेने खुणा करत होते, बोला, मातीचं बोला. फोनच्या पडद्यावर पुण्यातली सगळी पोरं पुढे वाकली होती. हरिहररावांनी नगमाकडे पाहिलं. पोरगी त्यांच्याकडे रोखून बघत होती. जिन्याची पायरी कुठे चुकली ते शोधताना ती कागदाकडे बघायची, अगदी तशी.

त्यांनी कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाले,

"मले कोणी बोलावलंच नाही, अम्मा. दोनदा अर्ज केला होता, उत्तरसुद्धा आलं नाही. बोलावलं असतं तं मीबी गेलो असतो, खोटं काहून बोलू? ज्याले कोणी घेतलं नाही तो माणूस मी आहे, ही नाही. हिले त्याइनं बोलावलं, अन् आमीबी बोलावून राहिलो. दोन्हीकडून बोलावणं आलेलं माणूस ह्या ऑफिसात आजवर आलंच नाही. आता आत याचं का बसमधी बसाचं, तिचं तिले ठरवू द्या, अन् तुमी जरा बाजूले सरका. पोरगी उन्हात उभी आहे."